नाशिकच्या गंगापूर रोडची मुलींची अभ्यासिका: एका सेमिस्टरचा अनुभव

महिना ८०० रुपये, लॉकर धरून. रुंद टेबल, प्रत्येकीला वेगळा दिवा, लाइट गेली तर इन्व्हर्टर. एसी नाही, एप्रिलच्या दुपारी पंख्यावरच भागवावं लागतं. वायफाय मधेमधे जातो. स्वच्छतागृह मात्र खरंच स्वच्छ असतं आणि तिथे सॅनिटरी पॅडही ठेवलेले असतात.

मी सिन्नरहून येते, एम.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. घरी पुस्तक उघडलं की चहा टाक, पाहुणे आलेत, दळण आण. भावाला अभ्यासातून कुणी उठवत नाही. मला परीक्षेपेक्षा याचंच टेन्शन जास्त असायचं, की सलग दोन तास मिळतील का. इथे ते मिळतात. राहिलेला बॅकलॉग याच सेमिस्टरला सुटला.

रात्री साडेआठला बंद होते, यावर बऱ्याच जणी नाराज आहेत. शहरात २४ तास चालणाऱ्या अभ्यासिकाही आहेत. पण अभ्यासिका चालवणाऱ्या काकूंनी ही वेळ मुलींच्या परतीच्या गाड्या बघून ठरवली आहे आणि मला ती पटते. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. रात्रभर जागलेल्या मैत्रिणींना पाठ असलेली रिअॅक्शनची मेकॅनिझमही पेपरात आठवत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

सगळ्यात मोलाची वाटते ती डबा खायची खोली. बिस्किटांवर दुपार काढणारीला काकू उठवतातच. “स्पेक्ट्रोस्कोपी कुठे पळून जात नाही, आधी जेवून घे.” माझ्या शेजारची मुलगी सारखी पेंगायची, तिला त्यांनी हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं. ते बरंच कमी निघालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. थकवा, अभ्यासात लक्ष न लागणं ही त्याचीच लक्षणं, आणि घरोघरी त्याला आळशीपणा म्हणतात! याची मला फार चीड येते.

दारामागे टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावलाय. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ पासूनची मोफत सेवा, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. निकालाच्या दिवसांत एकीला खूप रडू येत होतं. काकूंनी तिला आपल्या खोलीत बसवून, दार लोटून, त्या नंबरवर निवांत बोलू दिलं.

जागा थोड्या आहेत. सेमिस्टर सुरू होतानाच नाव घाला, परीक्षेच्या तोंडावर खुर्ची मिळत नाही.