‘४० डेन्सिटी’ सांगून विकलेली गादी

वडिलांसाठी नाशिकमधल्या एका दुकानातून घेतलेली सहा इंची फोमची गादी पावसाळा संपता संपता मधोमध खचली, आणि शिवण उसवून पाहिल्यावर दुकानदाराने जे सांगून ती विकली होती, त्यातला फारच थोडा माल आत निघाला. गादी घेताना बहुतेकांच्या कानावर पडणारा डेन्सिटीचा आकडा ग्राहकाची फसवणूक करण्यासाठी कसा वापरला जातो, हे इतरांना वेळेवर कळावे म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यांना कंबरदुखीचा जुना त्रास आहे आणि जुन्या कापसाच्या गादीत गोळे झाले होते. दुकानात काउंटरवर फोमचे चौकोनी नमुने मांडलेले होते आणि प्रत्येकावर १८, २३, ३२, ४० असे आकडे चिकटवलेले होते. विक्रेत्याने ४०चा तुकडा वडिलांच्या हातात दिला, मग त्यांना मांडून ठेवलेल्या गादीवर बसवले आणि म्हणाला, “काका, दाबून बघा. किती कडक आहे! चाळीस डेन्सिटी आहे म्हणूनच एवढी कडक लागते. पाठीसाठी ऑर्थोच घ्यायची.” चौदा हजार रुपये ठरले. बिलावर डेन्सिटी लिहून द्या असे मी सांगितल्यावर “ते वॉरंटी कार्डावर असतेच” असे उत्तर मिळाले. बिलावर ‘ऑर्थो गादी, १ नग’ एवढेच आले आणि कार्डावर ‘४० डेन्सिटी एचआर फोम’ (एचआर म्हणजे ‘हाय रेझिलियन्स’, दाबल्यावर चटकन वर येणारा) असे ठळक अक्षरांत छापलेले होते.

विक्रेत्याच्या त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम एक करून टाकलेल्या होत्या. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. तितक्या जागेत प्रत्यक्ष माल किती आहे, एवढेच ती सांगते. कडकपणा हा निराळा गुण आहे आणि तो ठरावीक आकाराचा तुकडा ठरावीक प्रमाणात दाबायला किती जोर लागतो यावरून मोजतात. पीयू (पॉलियुरेथेन) फोम, म्हणजे गाद्यांत वापरला जाणारा नेहमीचा फोम, तयार होताना मिश्रणातल्या पाण्यामुळे वायू सुटतो आणि फोम फुगतो; पाणी वाढवले की फोम जास्त फुगतो व हलका होतो. मात्र इतर रसायनांचे प्रमाण बदलून तोच हलका फोम कडकही करता येतो. म्हणून हाताने दाबून डेन्सिटी कळत नाही, आणि दाबून दाखवणारा विक्रेता आपल्याला तिच्याविषयी काहीही दाखवत नसतो. मऊ लागणारी पण ५०च्या वर डेन्सिटी असलेली मेमरी फोमची गादी त्याच दुकानात ठेवलेली असते, यावरूनही हे लक्षात येते.

ग्राहकाच्या दृष्टीने डेन्सिटीला महत्त्व आहे ते टिकाऊपणासाठी. हलक्या फोममध्ये पेशींच्या, म्हणजे आतल्या हवेच्या बारीक कप्प्यांच्या, भिंती उभ्या करायला माल कमी असतो, त्यामुळे रोज रात्री त्याच जागी भार पडल्यावर तो लवकर थकतो, त्याची उंची कमी होते आणि नेमका कमरेखाली खड्डा पडतो. पाहुण्यांसाठी अधूनमधून अंथरायच्या गादीला २३ किंवा २८चा फोम चालून जातो. रोजच्या झोपण्यासाठी ३२च्या खाली जाऊ नये आणि वजनदार माणसासाठी ४० किंवा त्याहून जास्त घ्यावा, असे या धंद्यातले प्रामाणिक लोक सांगतात. दोन आकड्यांमध्ये किमतीचाही बराच फरक पडतो, कारण जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त कच्चा माल.

गादी खचल्यावर आम्ही दुकानात गेलो. “खड्डा दीड इंचाहून खोल असला तरच वॉरंटी लागू होते, आणि शिवण उसवली असेल तर ती रद्द होते,” असे ऐकवण्यात आले. ही अट नीट समजून घेण्यासारखी आहे. गादीच्या कव्हरला चेन नव्हती, चारही बाजूंनी पट्टी शिवलेली होती. म्हणजे आत काय आहे हे पाहायचे तर शिवण उसवायला हवी, आणि उसवली की वॉरंटी गेली.

म्हणून उसवण्याआधी आम्ही गादीचे वजन केले. हिशेब सोपा आहे. गादी ७२ बाय ६० इंच आणि ६ इंच जाडीची, म्हणजे सहा फूट गुणिले पाच फूट गुणिले अर्धा फूट, असा १५ घनफूट फोम. एका घनमीटरमध्ये साधारण ३५.३ घनफूट असतात, १५ला ३५.३ने भागले की ०.४२५ घनमीटर येतात, आणि त्याला ४०ने गुणले की १७ किलो. ३२चा फोम असता तरी साडेतेरा किलोंच्या पुढे वजन भरायला हवे होते, आणि हे सगळे कव्हर सोडून. शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर गुंडाळून ठेवलेली आमची गादी कव्हरसकट ११ किलो भरली. दुकानदाराला काट्याचा फोटो पाठवला, तेव्हा “फोम हलकाच असतो, साहेब” असे उत्तर आले.

त्यानंतर वॉरंटीचा विचार सोडून शिवण उसवली. सर्वांत वर एक इंचाचा पिवळसर, लवचिक फोम होता. त्याखाली चार इंच पांढराशुभ्र, किंचित चकाकणारा, नखाने दाबला की करकरणारा थर होता. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यात जो पॅकिंगचा ईपीई (फुगवलेल्या पॉलिथिलीनचा) फोम येतो, त्याचेच तक्ते एकमेकांवर चिकटवलेले होते. तळाला पुन्हा एक इंच अगदी हलका फोम होता. दुकानात जाणवलेला तो सगळा ‘कडकपणा’ या पांढऱ्या थराचा होता. ईपीई सुरुवातीला टणक लागतो, परंतु तो स्प्रिंगसारखा परत वर येत नाही, सततच्या भाराने दबला की दबलेलाच राहतो; शिवाय त्याच्या पेशी बंद असल्याने हवा खेळत नाही. गादी फार गरम होते अशी वडिलांची तक्रार होती, तिचे कारण तेव्हा कळले.

वरचा एक इंचाचा थर सोडवून वेगळा तोलला, तर तो पावणेतीन किलोंच्या थोडा वर भरला. म्हणजे तो खरोखरच ४०चा होता. कव्हर दोन किलोंचे होते. संपूर्ण फोमची सरासरी मात्र २१च्या आसपास आली. कार्डावर छापलेला आकडा सहापैकी एका इंचापुरता खरा होता आणि पैसे सहाही इंचांचे घेतलेले होते. बेफिकिरीने असे घडत नाही. हाताला जो भाग लागतो तो चांगला ठेवायचा आणि जो दिसत नाही तिथे भर घालायची, अशी ही विचारपूर्वक केलेली रचना आहे, आणि आजारी माणसाच्या पाठीवर ती चालवली गेली याचा मला आजही मनस्वी संताप येतो.

वजनाची ही तपासणी आमच्या बाबतीत पुरेशी ठरली, तरी ती सगळीकडे पुरेल असे नाही. काही ठिकाणी फोम बनवतानाच त्यात खडूसारखी कॅल्शियम कार्बोनेटची पावडर मिसळतात. तिने वजन भरते, डेन्सिटीचा आकडा चढतो, पण टिकाऊपणा वाढत नाही, उलट फोम सहज फाटतो. दुसरा प्रकार रिबॉन्डेड फोमचा: फोमच्या कातरणाचे तुकडे चिकटद्रव्याने दाबून केलेला हा रंगीबेरंगी तक्ता ८० ते १२० डेन्सिटीचा असू शकतो. तो वाईट माल नाही, आधाराचा थर म्हणून चांगल्या गाद्यांतही वापरतात. पण त्याच्या जड वजनावर बाकीचा हलका फोम खपवला जाऊ शकतो. म्हणून गादीची एकच डेन्सिटी ऐकून न घेता प्रत्येक थराचे नाव, जाडी आणि डेन्सिटी विचारावी, चेन असलेले कव्हर मागावे आणि चेन उघडून आतला माल दाखवायला दुकानदार तयार नसेल तर तिथून उठावे. घरगुती गाद्यांच्या पीयू फोमसाठी आयएस ७९३३ हे भारतीय मानक आहे. माल त्या मानकाप्रमाणे आहे का, असा नुसता प्रश्न विचारला तरी विक्रेत्याच्या उत्तरावरून बरेच उमगते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मालाचा दर्जा, प्रत किंवा घटक यांविषयी खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेव्हा दुकानदाराने आणखी सहा हजार घेऊन दुसरी गादी देण्याची तयारी दाखवली, ती आम्ही नाकारली. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते, आणि मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. मालातला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यामुळे फसवल्या गेलेल्या कुणीही संतापाच्या भरात गादी भंगारात देऊ नये; आमचे तिन्ही थर, कव्हर, कार्ड, बिल आणि काट्याचे फोटो सुनावणी होईपर्यंत माळ्यावर जपून ठेवलेले आहेत.