पोराचं ओरडणं आणि 'एक्स्टिंक्शन' : कोल्हापुरातल्या एका बिहेवियर थेरपी सेंटरचा आठ महिन्यांचा अनुभव

पोराचं आणि सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाही, पोराची ओळख पटायला नको. पण आपल्याकडं ऑटिझमच्या मुलांचे आईबाप एकमेकांना विचारत विचारतच सेंटर शोधतात, म्हणून काय विचारायचं आणि काय बघायचं हे तरी कळावं यासाठी सविस्तर लिहितोय. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, शब्द चार-पाचच, आणि ओरडणं असं की चाळीच्या टोकाला ऐकू जावं. महाद्वार रोडला एकदा चप्पल घ्यायला गेलो तर दुकानाच्या दारातच जमिनीवर पडला, अर्धा तास उठला नाही, गिऱ्हाईकं वाट काढून जायला लागली, बायको त्याच्याजवळ खाली बसून नुसती रडत होती. त्या दिवसानंतर आम्ही त्याला घेऊन बाजारात जायचंच बंद केलं.

आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी सहा महिने जात होतो. तिथं एकच सांगायचे, 'दुर्लक्ष करा, आपोआप जाईल'. आम्ही मनापासून केलं आणि ओरडणं दुप्पट झालं, आणि वरनं आम्हालाच ऐकवलं की तुमचं सातत्य नाही. असं का झालं ते या नवीन सेंटरमध्ये आल्यावर समजलं.

इथं पहिले दोन आठवडे थेरपी चालूच केली नाही. आधी कान आणि दात तपासून आणा म्हणाले. दातांच्या डॉक्टरांकडं नेलं तर मागची दाढ किडलेली निघाली, ती भरल्यावर रात्रीचं रडणं निम्म्यावर आलं. बोलता न येणारं पोर दुखतंय म्हणून ओरडत असेल आणि आपण त्याच्याकडं लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं तर ते किती मोठं पाप झालं असतं, विचार करूनच अंगावर काटा येतो. मग एक वही दिली, तीन रकाने पाडायचे, ओरडायच्या आधी काय झालं, त्यानं काय केलं, आणि नंतर त्याला काय मिळालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा असं सेंटरच्या थेरपिस्ट मॅडम सारखं सांगायच्या.

दोन आठवड्यांनी वही उघडून त्यांनी दाखवलं की एकच ओरडणं, पण कारणं दोन. घरी तो मोबाईलसाठी ओरडायचा आणि शेवटी कुणीतरी द्यायचंच. टेबलावर कोडं जुळवायला बसवलं की मात्र काम टळावं म्हणून ओरडायचा. आता आधीच्या ठिकाणी काय व्हायचं, तर तो टेबलावर ओरडला की सगळे त्याला सोडून बाजूला जायचे, 'शांत झाला की ये' म्हणायचे. म्हणजे ज्यासाठी ओरडत होता ती सुटका त्याला दर वेळी मिळत होती! आम्ही त्यालाच दुर्लक्ष समजत होतो. इथल्या पद्धतीला एक्स्टिंक्शन म्हणतात, म्हणजे ज्या गोष्टीमुळं ते वागणं टिकून राहतं, नेमकी तीच गोष्ट त्या वागण्यानंतर मिळायची बंद करणं. लक्ष वेधायला ओरडत असेल तर लक्ष द्यायचं नाही, वस्तूसाठी असेल तर वस्तू नाही, काम टाळायला असेल तर काम टळता कामा नये. आणि काही मुलं हाताला, कानाला बरं वाटतं म्हणूनच काही काही करत असतात, तिथं तुम्ही बघा नाहीतर नका बघू, त्यांना काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट जी मला पटली ती म्हणजे नुसतं बंद करून ठेवलं नाही. आधी जवळजवळ तीन आठवडे त्याला कार्ड द्यायला शिकवलं, मोबाईलचं चित्र लॅमिनेट केलेलं, ते हातात दिलं की लगेच मोबाईल पाच मिनिटं, मग टायमर वाजला की परत. टेबलावर 'बास' साठी हाताची एक खूण, खूण केली की दोन मिनिटं सुट्टी, आणि कोडंसुद्धा वीस तुकड्यांचं काढून चार तुकड्यांचं दिलं. ओरडला तर कुणी रागावणार नाही, हात धरून जबरदस्ती करणार नाही, पण चार तुकडे टेबलावरनं उचलायचेपण नाहीत. पोराला मागायची दुसरी वाट देऊन मगच जुनी वाट बंद करायची, असं मॅडमनी सांगितलं.

आणि चालू करायच्या आधी आम्हा सगळ्यांना, माझ्या आईला पण, समोर बसवून स्पष्ट सांगितलं की सुरुवातीला वाढेल. त्याला बर्स्ट म्हणतात. स्किनर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या प्रयोगातलं दाणे टाकायचं मशीन अडकलं होतं, तर उंदीर कळ दाबायचा लगेच थांबला नाही, आधी दाबतच राहिला आणि मग हळूहळू सोडलं. पोरगं तसंच करणार. झेपणार नसेल तर आजच सांगा, चालू करू नका, कारण चाळीस मिनिटांनी दिलं तर तो चाळीस मिनिटं ओरडायला शिकेल. दहातनं एखाद्या वेळी दिलं तर ते सोडवणं अजून अवघड.

तिसऱ्या दिवशी रात्री ते चाळीस मिनिटं झालंच. मी सेकंड शिफ्ट बदलून घेतली होती म्हणून घरी होतो. तो दाराला पाय मारत होता, घामानं भिजलेला, आवाज बसलेला. बायको त्याच्यापासनं हातभर लांब बसलेली, कार्ड दोघांच्या मध्ये फरशीवर. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. आई आतल्या खोलीच्या दारात, पदरात मोबाईल धरून, 'अरं दे की त्येला, लेकरू किती रडायलंय, तुमास्नी काळीज हाय का न्हाई' म्हणत होती. तिला खाली रस्त्यावर घेऊन गेलो, कोपऱ्यावर तिच्यासोबत उभा राहिलो, तीपण रडत होती. तिची चूक नव्हती, आजीच ती, तिला बघवणार कसं. वर आलो तर पोरगं गप्प. बायकोनं हळूच सांगितलं, त्यानं कार्ड उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. मोबाईल दिला, पाच मिनिटं. त्या रात्री मी जेवलोच नाही, सुचलंच नाही.

दहाव्या दिवसापर्यंत घरात रोजचं ओरडणं एक-दोन वेळा, तेपण मिनिटभर. टेबलावरच्याला दीड महिना लागला.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. आमचा पोरगा डोकं आपटत नाही. ज्यांचं आपटतं त्यांच्या बाबतीत मॅडमनी सरळ सांगितलं की डोकं आपटणाऱ्या मुलाला बर्स्टमध्ये घरी एकटं सोडून द्यायचं नाही, आधी त्याला लागू नये याची सोय, आणि बऱ्याचदा दुसरीच पद्धत निवडायची. जे सेंटर हे न विचारता दुर्लक्ष करा म्हणतं तिथनं उठून या. ऑटिझमची बरीच मुलं हात फडफडवतात, ते बंद करता का असंपण मी विचारलं होतं, कारण मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं स्वतःच लिहितात की लहानपणी अशा थेरपीत त्यांना त्रास झाला. मॅडम म्हणाल्या, त्यानं कुणाला काही होत नाही, त्याला हात लावणार नाही. त्या उत्तरावर मी ॲडमिशन पक्कं केलं.

भाऊबीजेला माझी बहीण इचलकरंजीहून आली. पोरगं ओरडलं, तिनं लाडानं मोबाईल दिला, दोन दिवस दिला. ती गेल्यावर सगळं परत सुरू, जणू काही शिकवलंच नव्हतं. मी हताश होऊन सेंटरला गेलो तर मॅडमनी १९५९ सालची विल्यम्स यांची एक केस सांगितली. एकवीस महिन्यांचं मूल, झोपवताना रडून घर डोक्यावर घ्यायचं, मग झोपवून बाहेर आलं की रडलं तरी परत आत जायचं नाही असं ठरवलं, पहिल्या वेळी पंचेचाळीस मिनिटं रडलं, दहाव्या वेळेपर्यंत रडणं संपलं. मग एकदा आत्या की मावशी, इंग्रजीत नुसतं आंट आहे, झोपवताना रडल्यावर परत खोलीत जाऊन बसली आणि सगळं परत सुरू. मग आत न जायचं दुसऱ्यांदा पहिल्यापासनं पाळलं, नवव्या वेळेपर्यंत संपलं, आणि पुढची दोन वर्षं त्रास झाला नाही. माझ्या बहिणीला मी हे फोनवर सांगितलं तर ती पलीकडं गप्प झाली, मग म्हणाली, 'दादा, मला आधी सांगायचं नाहीस व्हय'. खरंच सांगायला हवं होतं. आमचं परत सहा दिवसांत जागेवर आलं. कुणी काही न देतापण मध्येच एखाद्या दिवशी जुनं ओरडणं डोकावतं, तेही आधी सांगितलेलं होतं, त्यामुळं आता घाबरायला होत नाही.

अर्धा स्टार का कापला तेही लिहितो. जिना अरुंद आणि लिफ्ट नाही, पोराला उचलून वर न्यायला लागतं. बाहेर बसायला चार खुर्च्या, आणि आत कुणाचं पोर ओरडत असेल तर बाहेरच्या आयांना सगळं ऐकू येतं, त्यानं नवीन आलेले घाबरतात. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, आईवडिलांना वाचून दाखवायला मलाच अडखळायला होतं, मराठीत एक पान तरी द्यावं असं दोनदा सांगून झालं. मध्येच थेरपी घेणाऱ्या एक ताई सोडून गेल्या, पोराला नवीन ताईंची सवय व्हायला तीन आठवडे गेले. पालकांचं सेशन दुपारी, शिफ्टवाल्या बापानं काय करायचं? सेशनचे सहाशे रुपये आहेत, आमच्यासारख्यांना ते जड जातात, पण महिन्याच्या हिशोबात मी आता पहिलं तेच बाजूला काढतो.

गेल्या रविवारी रंकाळ्याला गेलो होतो. भेळेच्या गाडीसमोर गर्दी, आवाज, मला वाटलं आता पडतोय खाली. त्यानं माझ्या पँटचा खिसा ओढला, त्यात कार्ड असतात हे त्याला माहितीय, आणि त्यातलं 'बास' च्या खुणेचं चित्र काढून माझ्या हातात दिलं. आम्ही भेळ न खाताच लांब कट्ट्यावर जाऊन बसलो.

जाणार असाल तर पहिल्या भेटीलाच घरातल्या आजीला सोबत न्या, आणि शनिवारची वेळ फोन करून आधी मागून घ्या, ती लगेच भरते.