मुंबईहून कोकणात ट्रेनने: टू एस, स्लीपर, थर्ड एसी की चेअर कार?

गावाला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, एसी काढायचं की साधं. माझं म्हणणं, हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. आधी बघा तुमचं स्टेशन कुठलं आणि गाडी तिथे किती वाजता सोडणार, मग बघा सोबत कोण आहे, म्हातारं माणूस आहे का, लहान पोर आहे का, आणि त्यानंतर क्लास. हे उलटं केलं की तिकीट भारी निघतं आणि पहाटे साडेतीनला बॅगा घेऊन प्लॅटफॉर्मवर रिक्षा शोधत बसावं लागतं.

उदाहरण वंदे भारतचं घ्या. गाडी छान आहे, जलद आहे, पण पनवेल सोडलं की खेड, रत्नागिरी, कणकवली आणि मग थेट गोव्यात थिवी. म्हणजे संगमेश्वर, राजापूर, वैभववाडी, कुडाळ, सावंतवाडी वाल्यांनी कणकवलीला किंवा रत्नागिरीला उतरून पुढचं बघायचं. पावसाळ्यात तर आठवड्यातून तीनच दिवस असते. त्यापेक्षा मांडवी एक्स्प्रेस हळू जाते पण जवळजवळ सगळीकडे थांबते, विलवडे आडवलीसारख्या स्टेशनांवरसुद्धा, आणि ज्याचं गाव तिथून तीन किलोमीटरवर आहे त्याला वंदे भारतचे वाचलेले दोन-तीन तास काही कामाचे नाहीत, ते एसटीची वाट बघण्यातच जाणार.

रात्रीच्या गाडीचं पण तसंच. कोकणकन्या अकराच्या सुमाराला सीएसएमटीवरून निघते, कुडाळ-सावंतवाडीवाल्यांसाठी मस्त, झोपून जायचं आणि सकाळी उतरायचं, दिवस पूर्ण हातात. पण खेड, चिपळूणवाल्यांना ती भलत्याच वेळी उतरवते, अर्धी झोप गाडीत अर्धी स्टेशनवर, दोन्ही वाया. चिपळूणपर्यंत जाणाऱ्याने दिवसाचीच गाडी धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता क्लास. दिवसाच्या प्रवासात खरी निवड जनशताब्दीची, टू एस (बिनएसीची, बसायची रिझर्व्ह सीट) की एसी चेअर कार. चेअर कारचं भाडं टू एसच्या तिपटीहून जास्त पडतं. त्या पैशात एसी मिळतो, सीट मऊ आणि थोडी मागे जाणारी मिळते, रांगेत तीन अधिक दोन माणसं, आणि मुख्य म्हणजे डब्यात शांतता. एप्रिल-मेमध्ये दुपारी रत्नागिरीच्या पुढे टू एसमध्ये घामाने शर्ट अंगाला चिकटतो, तेव्हा आई-बाबा सोबत असतील तर चेअर कार घ्या, पैसे वसूल आहेत. पण जून ते फेब्रुवारी? मी डोळे झाकून टू एस घेतो. एसीची खिडकी रंगीत काचेची, पावसात तिच्यावर बाहेरून पाणी ओघळतं आणि आख्खं कोकण धुरकट दिसतं. टू एसच्या खिडकीतून तोंडावर वारा येतो, ओल्या मातीचा वास येतो, आणि रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की आतली थंड दमट हवा अशी अंगावर येते की शहारा येतो, गाडीचा आवाज दुप्पट होतो, पोरं ओरडायला लागतात. गजांना धरून ठेवलेला हात बाहेर पडेपर्यंत ओला झालेला असतो. हे काचेच्या आत मिळत नाही. पाऊस फार आला की शटर खाली ओढायचं, कधी ते अर्ध्यावर अडकतं, तेव्हा मांडीवर घ्यायला एखादा टॉवेल असू द्या.

विस्टाडोमबद्दल खूप जण विचारतात. जनशताब्दीला तो डबा सप्टेंबर 2017 पासून आहे, 44 सीट, मोठाल्या काचा, छतालाही काच, खुर्ची गोल फिरते. भाडं चेअर कारच्याही बरंच वर. पहिल्यांदा कोकण बघणारा पाहुणा असेल, परदेशातून आलेली भाची असेल, तर एकदा जरूर, दिवसाउजेडी आणि श्रावणात. दरवर्षी गावाला जाणाऱ्याने मात्र तेवढे पैसे घालू नयेत, कारण या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि बोगद्यात काचेचं छत काय आणि पत्र्याचं काय. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल साध्या डब्यातूनही तितकाच पोटात गोळा आणतो.

रात्रीसाठी स्लीपर की थर्ड एसी, इथे फरक भाड्यात अडीचपटीच्या आसपास. एकटा असाल, तब्येत ठीक असेल तर स्लीपर पुरतो, फक्त वरचा बर्थ मागा म्हणजे रात्री कुणी उठवत नाही. बायकामुलं, वयस्कर माणसं असतील तर थर्ड एसी, आणि ते गारव्यासाठी नाही तर गर्दीसाठी, सुट्टीच्या दिवसांत स्लीपरमध्ये दारापासून बाथरूमपर्यंत माणसं बसलेली असतात आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला तेवढं ओलांडून जाणं ही शिक्षा आहे. थर्ड एसीत चादर-ब्लँकेट मिळतं तेही बरं. टू एसी फार थोड्या लोकांना लागतं, ज्यांना मधला बर्थ नको त्यांच्यासाठी ठीक. दिवसा मांडवीचा स्लीपर घेतलात तर खाण्याची चिंता नको, गरम कटलेट-भजी फिरत असते, मांडवीचं खाणं तिच्या वेळापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दिव्याहून सुटणाऱ्या गाड्या, रत्नागिरी पॅसेंजर आणि सावंतवाडीची गाडी. अडचण ही की सामान, पोरं घेऊन आधी लोकलने दिव्याला पोचायचं. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून होती तेव्हा हा त्रास नव्हता, आणि ती परत दादरला आणावी असं मलाही मनापासून वाटतं, कारण या गाडीने जाणारा माणूस थोडे पैसे वाचवायला जास्त वेळ बसतो, त्यालाच आपण दिव्याच्या पुलावरून पळवतोय.

जनरलच्या तिकिटात एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅसेंजरचं तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही, आणि कोकणकन्या आता सुपरफास्ट आहे त्यामुळे तिला साधं एक्स्प्रेसचं तिकीटही पुरत नाही, वर 15 रुपये सुपरफास्ट चार्ज लागतो. तो न भरल्याने दंड भरणारे मी डोळ्यांनी बघितलेत, बिचाऱ्यांना माहीतच नसतं. जनरल तिकीट 200 किलोमीटरच्या वर असेल तर तीन दिवस आधी काढता येतं, म्हणजे खेड, चिपळूणपासून पुढच्या सगळ्यांना आदल्या दिवशीच मोकळं होता येतं. रेल्वेच्या रेलवन ॲपवर आता जनरल आणि रिझर्वेशन दोन्ही होतं.

आणि हो, तेवढ्याच किलोमीटरला देशावरच्या गाडीपेक्षा इथे भाडं जास्त का, तर रोह्यापासून पुढे कोकण रेल्वेच्या पट्ट्यात भाड्यासाठी अंतर 40 टक्के वाढवून धरतात.

रिझर्वेशन 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं, पूर्वी 120 होते. गणपतीला तर ते काही मिनिटांत संपतं, तेव्हा आधार जोडलेलं अकाउंट तयार ठेवा, रिझर्वेशन उघडतं त्या दिवशी त्याशिवाय ऑनलाइन बुकिंग होत नाही. तत्काळलाही आधार लागतं, एसीचं 10 ला आणि स्लीपर-टू एसचं 11 ला. म्हणून माझा हिशोब असा, 10 ला एसी नाही मिळालं तर 11 ला टू एस किंवा स्लीपरवर बसा, एसीच्या वेटिंगला चिकटू नका. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, आणि खिडकीवरचं वेटिंग तिकीट असलं तरी मे 2025 पासून स्लीपर किंवा एसीत चढता येत नाही, जनरलमध्येच जायचं. वेटिंगच्या पुढे काय लिहिलंय तेही बघा, जीएनडब्ल्यूएल (जनरल वेटिंग) असेल तर आशा असते, पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या सामायिक कोट्याचं) किंवा आरएलडब्ल्यूएल (मधल्या ठरावीक स्टेशनच्या कोट्याचं) असेल तर कमी, आणि तत्काळचं वेटिंग तर आरएसीतही (बर्थ नाही, पण बसायला जागा) जात नाही.

तुतारी एक्स्प्रेससाठी मात्र तारीख दोनदा वाचा. ती दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. आमच्याकडे शनिवारी रात्री निघायचं म्हणून शनिवारचीच तारीख टाकून तिकीट काढलं, बाबा शनिवारी रात्री साडेअकराला दादरला नारळाची पिशवी आणि दोन बॅगा घेऊन उभे, आणि चार्टवर नाव नाही, कारण त्या तिकिटाची गाडी चोवीस तास आधी, शुक्रवारच्या मध्यरात्री निघून गेली होती. बाबा 71 वर्षांचे, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून तिकीट परत वाचलं. त्या रात्री परत घरी आणलं त्यांना, आणि सकाळी एसटीने पाठवलं. शनिवारी रात्री जेवून निघणार असाल तर तुतारीच्या तिकिटावर रविवारची तारीख हवी.

बोर्डिंग स्टेशन पण तपासा. सीएसएमटीवरून तिकीट असेल आणि तुम्ही ठाण्याला किंवा पनवेलला चढणार असाल तर ऑनलाइन बदलून घ्या, नाहीतर टीसी सीट दुसऱ्याला देऊ शकतो. एकदा बदललं की मग आधीच्या स्टेशनवरून चढायचा हक्क राहत नाही, त्यामुळे घरात सगळ्यांना विचारूनच बदला.