रायझन ७ ७७००एक्स: क्लॉक आहे तिथेच राहू द्या, व्होल्टेज उतरवा

एएमडीचा हा प्रोसेसर सप्टेंबर २०२२ मध्ये आला. आठ कोअर, सोळा थ्रेड, ४.५ गिगाहर्ट्झचा बेस क्लॉक, ५.४ चा जाहीर बूस्ट (काम पडल्यावर आपोआप गाठायचा वरचा क्लॉक), ३२ एमबी एल३ कॅश. इतक्या उशिरा त्याच्यावर लिहायचं कारण एवढंच, की ओव्हरक्लॉक करायला बसणारे बरेच जण तो अजूनही उलट्या बाजूने हाताळतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पानांत शिरायचं, मल्टिप्लायर ५४ (म्हणजे ५.४ गिगाहर्ट्झ) करायचा, व्होल्टेज १.३५ टाकायचं आणि सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण भार देणारी चाचणी) सुरू होताच पारा ९५ अंशांवर गेला की कूलरला नावं ठेवायची. दहा-बारा वर्षांपूर्वी ही रीत चालायची, कारण तेव्हा कारखान्यातून निघणाऱ्या चिपमध्ये क्लॉक वाढवायला भरपूर जागा असायची. ७७००एक्समध्ये ती जागा एएमडीने स्वतःच खाऊन टाकली आहे. उरली आहे ती व्होल्टेजमध्ये, आणि तिथे मात्र हा प्रोसेसर मनापासून दाद देतो.

आधी मूळ सेटिंगवर तो कसा वागतो ते पाहू. कागदावर टीडीपी, म्हणजे उष्णतेचा जाहीर आकडा, १०५ वॅट असला तरी सॉकेटला मिळणारी मर्यादा, म्हणजे पीपीटी, १४२ वॅटची आहे. सिनेबेंच आर२३ च्या मल्टी-कोअर चाचणीत सगळे कोअर साधारण ५.१ ते ५.३ गिगाहर्ट्झवर धावतात आणि गुण १९ ते २० हजारांच्या घरात येतात. एकट्या कोअरवर काम असेल तर तो जाहीर ५.४ च्याही पुढे, ५.५ पर्यंत जातो. तापमान ९० च्या वर सहज चढतं. त्याने घाबरू नये. ९५ अंश ही एएमडीने ठरवलेली मर्यादा आहे आणि तिथे पोचल्यावर चिप आपला क्लॉक आपणच आवरते.

मोठा कूलर लावूनही ती का तापते? आठही कोअर जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या चिपलेटवर बसलेले आहेत. एवढ्याशा तुकड्यातून शंभरावर वॅट बाहेर काढायचे, तेही जाड धातूच्या झाकणातून. जुन्या एएम४ सॉकेटचे बहुतेक कूलर चालावेत म्हणून या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटमध्ये उंची तीच ठेवली, आणि झाकण जाड झालं ते त्यापायी. त्यामुळे अडचण रेडिएटरपाशी नसून झाकणाखाली आहे. ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर चांगल्या दोन टॉवरच्या एअर कूलरपेक्षा थोडाच पुढे राहतो, आणि तो थोडा फरक बऱ्याचदा क्लॉकमध्ये दिसतही नाही.

आता सगळे कोअर हाताने ५.३ ला बांधण्याचा हिशेब करा. मल्टी-कोअर कामात १०० मेगाहर्ट्झ मिळतील, म्हणजे दोन टक्के. पण गेममध्ये, ब्राउझरमध्ये, जिथे एक-दोन कोअरच जोर लावतात, तिथे आपोआप मिळणारे ५.५ गेले. ज्या कामासाठी हा प्रोसेसर घेतात त्याच कामात २०० मेगाहर्ट्झचा तोटा, वर रिकाम्या वेळीही जास्त व्होल्टेज. दाखवायला स्क्रीनशॉट बरा येतो, बाकी यात काही नाही.

खरं हत्यार आहे कर्व्ह ऑप्टिमायझर. कोणत्या क्लॉकला किती व्होल्टेज लागेल याचा एक आलेख प्रत्येक कोअरसाठी चिपमध्ये कोरलेला असतो, आणि त्यात कारखाना सावधपणे थोडी जास्तीची भर ठेवतो. कर्व्ह ऑप्टिमायझर तो अख्खा आलेख खाली सरकवतो. एक अंक म्हणजे अंदाजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे २० लावलं तर ६० ते १०० मिलिव्होल्ट वाचले. व्होल्टेज उतरलं की उष्णता उतरते, उष्णता उतरली की बूस्टचं गणित त्याच मर्यादेत क्लॉक वर नेतं. म्हणजे व्होल्टेज कमी करून वेग वाढतो. नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

पण त्याला हात लावण्याआधी मेमरी पक्की करून घ्या. हा क्रम उलटा केला की क्रॅश कोअरमुळे आला की मेमरीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. या प्रोसेसरचा अधिकृत मेमरी वेग दोन काड्यांवर डीडीआर५-५२०० आहे आणि चार काड्यांवर ३६००. त्यामुळे चार काड्या भरून वेगाची अपेक्षा करू नये. व्यवहारात दोन काड्यांवर ६००० सीएल३० चं (सीएल म्हणजे मेमरीचा प्रतिसाद-विलंब) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे मेमरीसोबत येणारं तयार वेगवान सेटिंग, सर्वांत सुखाचं: मेमरी कंट्रोलर मेमरीच्याच वेगाने, एकास एक चालतो आणि इन्फिनिटी फॅब्रिक (कोअर आणि मेमरी कंट्रोलर यांना जोडणारा दुवा) २००० मेगाहर्ट्झवर राहतं. फॅब्रिक २१०० च्या पुढे ढकलायचा मोह होतो. तिथे गोष्ट फसवी आहे, कारण फॅब्रिक डळमळलं तरी मशीन लगेच पडत नाही. चुकलेला डेटा पुन्हा पाठवला जातो, आवाजात खरखर येते, आणि आकडा वाढवूनही गुण कमी होतात. गुण घटले तर एक पायरी मागे या.

एक्स्पो चालू केल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू होताना पडदा काळाच राहतो, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा तेवत राहतो, पंखे फिरतात आणि काहीच होत नाही. हे मेमरी ट्रेनिंग आहे. काही मिनिटं लागू शकतात. नेमक्या याच वेळी घाईने पॉवरचं बटण दाबून लोक सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच क्लिअर सीमॉसकडे, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर आणण्याकडे वळा. आणि मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हा पर्याय चाचण्या संपेपर्यंत बंद ठेवा. तो जुनंच ट्रेनिंग वापरून झटपट बूट करतो खरा, पण काठावरच्या सेटिंगला निळ्या पडद्याकडे नेतो.

एसओसी व्होल्टेजकडे, म्हणजे मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजकडे, स्वतः लक्ष द्या. २०२३ च्या वसंतात एक्स३डी (जास्तीची कॅश असलेले) प्रोसेसर आणि सॉकेट जळाल्याच्या तक्रारी आल्या, त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून हे व्होल्टेज १.३० वर अडवलं. म्हणून जुनं बायोस असेल तर सर्वात आधी ते बदला. त्यानंतरही काही बोर्ड एक्स्पोबरोबर १.२५ ते १.३० देऊन मोकळे होतात. ६००० साठी इतकं सहसा लागत नाही. हाताने १.२० ठेवा, टेस्टमेम५ आणि वाय-क्रंचर या चाचण्या चालवा, एकही चूक आली तर १.२५. त्यावर जायची वेळ आली तर वेग कमी केलेला बरा.

मग कोअर. बायोसमध्ये पीबीओ (बूस्टच्या मर्यादा बदलायची एएमडीची सोय, कर्व्ह ऑप्टिमायझरही त्यातच) बहुधा दोन ठिकाणी सापडतो: एक बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या ट्वीकिंगच्या पानावर, दुसरा ॲडव्हान्स्डखाली एएमडी ओव्हरक्लॉकिंगमध्ये, जिथे आधी इशारा मान्य करावा लागतो. दोन्हीकडे आकडे भरू नका. एक जागा धरा, दुसरी ऑटोवर सोडा. इशारा वाचूनच मान्य करा, कारण मूळ मर्यादेबाहेर चालवल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पीबीओ ॲडव्हान्स्ड, लिमिट मूळचीच, स्केलर ऑटो, बूस्ट ओव्हरराइड शून्य, कर्व्ह ऑप्टिमायझर सर्व कोअरना उणे १५. इथून सुरुवात करा.

सर्व कोअरना थेट उणे ३० लावून सिनेबेंच दहा मिनिटं चाललं म्हणजे झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. तोच सापळा आहे. सिनेबेंचमध्ये सगळे कोअर कामात असतात, क्लॉक ५.२-५.३ वर दबलेला असतो आणि त्या उंचीला व्होल्टेजची चणचण भासत नाही. चणचण भासते ती एकटा कोअर हलक्या कामावर ५.५ ला उडी मारतो तेव्हा. म्हणून हे मशीन रेंडर करताना पडत नाही, डेस्कटॉपवर काही न करता उभं असताना पडतं. रात्री झोपवलेलं मशीन सकाळी रीस्टार्ट झालेलं दिसलं तर वीजपुरवठ्यावर संशय घेण्याआधी कर्व्हचे आकडे पाहा.

यासाठी कोअरसायकलर वापरा. ही फुकट मिळणारी स्क्रिप्ट प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवते. मोड एसएसई ठेवा, जास्त तापवणारा एव्हीएक्स२ नको. एसएसईत उष्णता कमी असल्याने कोअर आपल्या सर्वोच्च क्लॉकला जातो, आणि पारख तिथलीच करायची आहे. एफएफटीचा आकार ह्यूज, प्रत्येक कोअरला दहा मिनिटं. आठ कोअरची फेरी ८० मिनिटांची, रात्रभरात सहा फेऱ्या. सकाळी लॉग उघडला की बहुधा असं दिसतं: सात कोअर निर्विघ्न, आणि कोअर ३ पहिल्याच फेरीत चौथ्या मिनिटाला 'फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' म्हणून बाद. त्या एकाच कोअरचा आकडा तीनने किंवा पाचने शून्याकडे आणा, बाकीचे तसेच राहू द्या. जे पास झाले ते पाच-पाचने खाली न्या.

चाचणीऐवजी मशीनच रीस्टार्ट झालं तरी माग लागतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमखाली व्हीया-लॉगरचा इव्हेंट १८ शोधा. त्यात कॅश हायरार्की एरर आणि प्रोसेसर एपिक आयडी दिलेला असतो. त्या आयडीला दोनने भागा, अपूर्णांक सोडा: ६ किंवा ७ असेल तर कोअर ३. ही मोजणी शून्यापासून आहे, तुमच्या बायोसमध्ये ती एकापासून नाही ना हे एकदा पाहून घ्या, नाहीतर निरपराध शेजाऱ्याला शिक्षा व्हायची.

आठही कोअर सारखे निघत नाहीत. एएमडीच्या रायझन मास्टर प्रोग्राममध्ये ताऱ्याची आणि गोलाची खूण असलेले दोन कोअर सगळ्यांत चांगले, आणि गंमत म्हणजे बहुधा तेच सगळ्यांत कमी उतरतात. चांगल्या कोअरचा आलेख कारखान्यातच घट्ट बसवलेला असतो, त्यातून काढायला फारसं उरत नाही. त्यामुळे शेवटी दोन कोअर उणे ८ ते १२ वर, बाकीचे उणे २० ते ३० वर, असं चित्र आलं तर नमुना खराब निघाला असं समजायचं कारण नाही.

आकडे बसल्यावर एचडब्ल्यूइन्फोमध्ये इफेक्टिव्ह क्लॉकचा रकाना पाहा. व्होल्टेज फार खाली गेलं की काही वेळा चिप पडत नाही, ठोके ताणते: दाखवायचा क्लॉक ५.३, प्रत्यक्षातला ५.१५. पूर्ण भारावर दोन्हींत २०-३० मेगाहर्ट्झपेक्षा जास्त अंतर असेल तर तुमचा उणे आकडा नुसता शोभेचा आहे. याच प्रोग्राममध्ये हलक्या कामात कोअर व्होल्टेज १.३५ ते १.४ च्या आसपास दिसून लोक दचकतात. एका कोअरवर, कमी करंटला, ते नेहमीचंच आहे. बोर्डाच्या सेन्सरपेक्षा एसव्हीआय३ नावाच्या ओळीवर विश्वास ठेवा. लोड-लाइन कॅलिब्रेशनला (भाराखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारा पर्याय) हात लावू नका. कर्व्ह ज्या व्होल्टेज-घसरणीवर जुळवला तीच तुम्ही बदलून टाकता, आणि कडक पातळीवर भार सुटताच व्होल्टेज उसळी मारतं ते वेगळंच.

बूस्ट ओव्हरराइडचे २०० मेगाहर्ट्झ? मिळतात, पण कर्व्हमधल्या कमाईची किंमत मोजून. वरच्या क्लॉकला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे उणे २० चा कोअर उणे ८ वर येतो. उष्णता परत, फायदा चिमूटभर. त्यापेक्षा पीबीओत थर्मल लिमिट ८५ करा. कर्व्ह नीट बसला असेल तर मल्टी-कोअरचे गुण मूळच्या बरोबरीला किंवा वर राहतात आणि पंखे गप्प बसतात. आणखी शांतता हवी तर ६५ वॅटचा इको मोड, ज्यात पीपीटी ८८ वॅट होतो. मल्टी-कोअरचे पाच-सात टक्के जातात, गेममध्ये फरक शोधावा लागतो.

कूलर बसवताना दोन गोष्टी. झाकणाच्या कडांना खाचा आहेत आणि त्यात छोटे कपॅसिटर उघडे आहेत, तेव्हा लिक्विड मेटलसारखी वीज वाहून नेणारी वस्तू इथे वापरू नका. दुसरं, चिपलेट झाकणाच्या मध्यावर नाही, बोर्डाच्या खालच्या बाजूला सरकलेलं आहे. तुमच्या कूलरला ऑफसेट बसवायची पट्टी मिळत असेल तर ती लावा, एक ते तीन अंश फुकट मिळतात.

उणे बाजू सांगायची तर बॉक्समध्ये कूलर येत नाही. आणि पुढे बायोस अपडेट केलंत की कर्व्हचे सगळे आकडे पुसले जातात, जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्यात उघडेलच असं नाही. आठही कोअरच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विकत घेण्याआधी ७७०० कडेही बघा, नावात एक्स नसलेला. तीच चिप, तेच आठ कोअर, ६५ वॅटचा टीडीपी, ५.३ चा बूस्ट, सोबत कूलर, आणि पीबीओ त्यालाही खुला. व्होल्टेज जुळवायला दोन-तीन रात्री द्यायची तयारी असेल, तर एक्सचं जास्तीचं काम फक्त वरच्या १०० मेगाहर्ट्झपुरतं उरतं. तयारी नसेल, आणि आणल्या दिवसापासून पूर्ण वेग हवा असेल, तर मात्र ७७००एक्सच घ्या, एक्स्पो लावा, ८५ ची मर्यादा टाका आणि कर्व्ह उणे १० वर ठेवून कोअरसायकलरची एक रात्र तेवढी होऊ द्या.