खरा रुग्ण बोलवावा, की रुग्णाची भूमिका करणारा?

आरोग्य शाखेच्या विद्यार्थ्यांना संवाद शिकवण्याच्या दोन वाटा आहेत. प्रशिक्षित माणसाने रुग्णाची भूमिका करण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये अमेरिकेत सुरू केली. दुसऱ्या वाटेत खरा रुग्ण किंवा त्याची काळजी घेणारं घरचं माणूसच शिकवतं.

परीक्षेसाठी पहिलीच बरी. ५० विद्यार्थी एकामागून एक आले, तरी छातीतली कळ तीच, उत्तरंही तीच. गुण देताना अन्याय होत नाही. वाईट बातमी सांगण्याचा पहिला सरावही इथेच व्हावा.

पण पक्षाघात झालेल्या नवऱ्याला रोज कुशीवर वळवणारी बायको जे सांगते, ते भूमिकेसाठी लिहिलेल्या कुठल्याही संहितेत सापडत नाही. गोळी गिळवत नाही म्हणून ती कुटून पाण्यातून देते. औषध हळूहळू सोडणारी गोळी अशी कुटली, तर सगळी मात्रा एकदम अंगात जाते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने हे तिच्याच तोंडून ऐकायला हवं.

खऱ्या रुग्णाचं किंवा घरच्या माणसाचं सत्र फसतं ते तयारीअभावी. आयत्या वेळी ‘तुमची कहाणी सांगा’ म्हणू नका. आधी अर्धा तास भेटा, काय सांगायचं नाही हे त्यांनाच ठरवू द्या. गट ६ ते ८ जणांचा, बोलणं २० मिनिटं, उरलेला वेळ प्रश्नांना. लेखी संमती, मधेच थांबायची मुभा, मानधन आणि प्रवासखर्च हवेतच. घरी रुग्णापाशी बसणाऱ्या बदली माणसाचा खर्चही धरा, नाहीतर काळजी घेणाऱ्या बायकोला निघताच येणार नाही. दुसऱ्या दिवशी फोन जरूर करा. बोलताना जुनं दुःख वर आलेलं असतं.