लेपचा दुमप्रा : पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

नोकरीनिमित्त गंगटोकला आल्यावर लेपचा, म्हणजे सिक्कीमच्या मूळ रहिवासी जमातीच्या, शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मी हातमागाचा सुती दुमप्रा घेतला. पांढरा सदरा आणि सैल विजार यांवर नेसायचे, एका खांद्याशी पिनेने अडकवून कमरेला पट्ट्याने आवळायचे आणि पोटऱ्या मोकळ्या ठेवणारे हे रंगीत पट्ट्यांचे जाड वस्त्र लेपचा पुरुषांच्या पोशाखाचा मुख्य भाग आहे. पट्टा सैल राहिला की सगळा भार पिनेवर येऊन कापड खांद्यावरून ओघळते. नीट आवळला, तर मात्र चढावरही पायात येत नाही. कमरेला बामफोक, म्हणजे लांब सुरा, लटकवून जंगलात हिंडणाऱ्यांचा हा वेश आहे, हे तेव्हा पटते.

पारंपरिक विणकामात विणकर बाई ताणा, म्हणजे उभे धागे, स्वतःच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याने ताणून धरते, त्यामुळे कापडाचा पन्हा अरुंद निघतो आणि अशा कापडाचे पट्टे उभे जोडूनच वस्त्र पुरेसे रुंद होते. पूर्वी सिस्नूच्या, म्हणजे अंगाला लागताच आग होणाऱ्या झुडपाच्या, सालीचा धागा वापरत. माझे कापड सुती आहे आणि धुऊन धुऊन ते मऊ झाले, पण वीण जराही विसविशीत झालेली नाही. दोष निघाला तो जोडशिवणीत. खांद्याजवळ ती उसवली, तेव्हा जाड दोऱ्याने पुन्हा घालून घ्यावी लागली. किनारीच्या नक्षीचे जादा बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे उलट बाजूने मोकळे असतात आणि घड्याळाच्या पट्ट्यात हमखास अडकतात. लाल रंग पहिल्या धुण्यात उतरला, म्हणून सुरुवातीला वेगळे धुवावे.

८ ऑगस्टच्या तेंदोंग ल्हो रुम फात या लेपचा सणाला शेजाऱ्यांसोबत दुमप्रा नेसलो, तेव्हा पावसात भिजून इतका जड झाला, की वाळेपर्यंत घरभर कुबट वास राहिला. बाजारातले अॅक्रिलिकचे दुमप्रे लवकर वाळतात, स्वस्तही असतात. पण ते घामाने अंगाला चिकटतात आणि त्यांचा भडकपणा मला तरी रुचला नाही. हिवाळ्यात सुती कापडाची ऊब चांगली मिळते, फक्त वाऱ्यात मोकळ्या बाहूवर लोकरी जाकीट घालावे लागते, आणि मग खांद्यावरची पिन जाकिटाखाली टोचते. सोबतच्या थ्याकतुक टोपीची काळी मखमली कड पावसात खराब होते. तिला छत्रीखालीच न्यावे.

घेताना कापड उलटून जोडशिवण आणि नक्षीची मागची बाजू पाहावी; दुकानदार पुढचीच बाजू दाखवतो.