बटणांच्या फोनवर निरोप: गॅमू, रॅपिडप्रो, कॅनेल की अ‍ॅस्टरिस्क?

इंदूरमधील एखाद्या मराठी मंडळाची सभासद-यादी चाळली, तर रामबाग किंवा सुदामानगरातील अनेक ज्येष्ठांकडे आजही बटणांचाच फोन असल्याचे आढळते, आणि व्याख्यानाची वेळ बदलल्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा मंडळाने एसएमएस किंवा फोनवरून निरोप पोहोचवणारी मुक्तस्रोत (कोणालाही मोफत वापरता व बदलता येणारी) प्रणाली, म्हणजे शीर्षकातील चारपैकी एक, निवडण्यापूर्वी देवनागरीचा हिशेब मांडावा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात, देवनागरीत 70, आणि काना-मात्रा, हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जात असल्याने ‘ज्येष्ठ’ हा एकच शब्द 7 जागा घेतो. मजकूर 70 च्या पुढे गेला की त्याचे 67-67 चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा एक एसएमएस धरला जातो.

सर्वांत स्वस्त मार्ग गॅमूचा, म्हणजे संगणकाला जोडलेल्या मोडेममधून एसएमएस पाठवणाऱ्या प्रणालीचा: जुना संगणक, सिम घालता येणारा मोडेम आणि एक सिम एवढ्यावर भागते व इंटरनेट लागत नाही. आज्ञा टंकण्याचा कंटाळा असल्यास त्यावर प्लेएसएमएस हे ब्राउझरमधून चालणारे सॉफ्टवेअर बसवावे. मोडेम 2जीचा असेल, तर जिओचे सिम त्यात चालणार नाही. शिवाय बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला 100 एसएमएस मिळतात. म्हणजे दोन तुकड्यांचा निरोप जेमतेम 50 जणांना जाईल.

युनिसेफने 2014 मध्ये खुले केलेले रॅपिडप्रो उत्तरे गोळा करण्यात सरस आहे. ‘सहलीला येणार असल्यास 1 पाठवा’ अशी प्रश्नमालिका ते उत्तम चालवते. परंतु त्याचा सर्व्हर सांभाळणारा जाणकार हाताशी हवा, आणि नुसत्या सूचनांसाठी एवढा खटाटोप मला अनाठायी वाटतो.

ज्यांना बारीक अक्षरे वाचवत नाहीत, त्यांच्यासाठी माझा कौल फोन कॉल आपोआप हाताळणाऱ्या अ‍ॅस्टरिस्कला आहे. सभासदाने मिस्ड कॉल द्यावा, यंत्रणेने उलट फोन करून कार्यवाहांच्या आवाजातील निरोप ऐकवावा. सभासदाला छदामही पडत नाही. छत्तीसगडमधील सीजीनेट स्वरा ही मोबाइलवरची बातमीसेवा याच धर्तीवर बातम्या ऐकवत आली आहे. येथे अक्षरमोजणीचा प्रश्नच उरत नाही, मात्र उलट कॉलचा खर्च मंडळाला सोसावा लागतो.

सभासद हजारांच्या घरात असतील, तरच कॅनेलचा विचार करावा. मोठ्या संख्येने एसएमएस पाठवणारे हे सॉफ्टवेअर थेट दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेला जोडले जाते. मात्र ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रेषकनाम आणि मजकुराचा साचा आधी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-मंचावर नोंदवावा लागतो. त्या साच्यात वेळ आणि स्थळ बदलते ठेवावे, नाहीतर ऐनवेळी सभागृह बदलल्यास नव्या साच्याच्या मंजुरीची वाट पाहत बसावे लागेल.